जमिनीखालचा साठा आणि जमिनीवरची वस्ती



औष्णिक वीज केंद्राच्या किंवा सिमेंट-पोलाद कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू पकडायचा, प्रचंड दाबाखाली घट्ट करायचा, पाइपलाइनने वाहून न्यायचा आणि खोल बोअर मारून खडकात कायमचा पुरायचा, ही योजना आता आपल्या देशात पुढे सरकू लागली आहे. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये यावर धोरणाचा आराखडा मांडला. २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची भाषा त्यात आहे. एनटीपीसीने २०२५ मध्ये झारखंडच्या पकरी बरवाडीह कोळसा खाण परिसरात अशा साठवणुकीसाठी बोअर खोदायला सुरुवात केली. आणि ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणावर आपला बहुतेक महाराष्ट्र वसलेला आहे, तो बेसॉल्ट खडक या साठवणुकीसाठी देशातल्या मोठ्या जागांपैकी एक म्हणून मोजला जात आहे.

हा विषय काढला की आपलेच काही तरुण विचारतात, "शिष्यवृत्ती रखडली आहे, अत्याचाराच्या केसेस उभ्या राहत नाहीत, गायरानाच्या नोटिसा येत आहेत. त्यात हा जमिनीखालचा वायू आपला विषय कसा?" प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. जमिनीखाली साठा करायचा असेल तर त्याचा कायदा बोअर मारण्याआधी व्हावा, आणि त्या कायद्यात माणसाचा हक्क सातबाऱ्यावरून ठरू नये, तो तिथे राहतो यावरून ठरावा. असे झाले नाही तर खडक कितीही मजबूत असो, धोका आपल्याच वस्तीच्या वाट्याला येणार.

आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तापमानवाढीचा पहिला फटका भूमिहीन मजुराला, पत्र्याच्या घराला, टँकरच्या रांगेतल्या बाईला बसतो. त्यामुळे वातावरणातला कार्बन कमी होणे आपल्याही हिताचे आहे. हे तंत्र निव्वळ थोतांड आहे असेही नाही. नॉर्वेने उत्तर समुद्रात स्लाइपनर येथे १९९६ पासून वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू समुद्रतळाखालच्या वाळूच्या खडकात सोडला आहे आणि तो तिथे टिकून असल्याचे मोजमापांतून दिसते. पण स्लाइपनरचे उदाहरण सांगणारे एक गोष्ट सांगत नाहीत. ती जागा किनाऱ्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर आत आहे. तिच्यावर कोणाचे घर नाही, कोणाची विहीर नाही. आपल्याकडे मात्र प्रत्येक खडकावर कोणीतरी राहते आहे.

आता माणसे राहतात तिथे काय घडले ते पाहू.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात सटार्शिया नावाचे छोटे खेडे आहे. २२ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच्या जवळून जाणारी कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. अतिवृष्टीने डोंगराची माती सरकली आणि पाइपलाइनचा जोड तुटला. हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा उताराने सखल भागाकडे जातो. तो गावात उतरला. माणसे गुदमरली, बेशुद्ध पडली. गाड्यांच्या इंजिनांना प्राणवायू मिळेना म्हणून गाड्या रस्त्यातच बंद पडल्या. सुमारे दोनशे लोकांना हलवावे लागले आणि ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. नंतरच्या सरकारी चौकशीत निघाले ते महत्त्वाचे आहे. वायू कुठवर पसरेल याचा जो हिशेब कंपनीने केला होता, त्यात हे गाव धोक्याच्या कक्षेत धरलेलेच नव्हते, आणि स्थानिक बचाव यंत्रणेला या पाइपलाइनच्या धोक्याची पुरेशी माहिती नव्हती.

आता हीच पाइपलाइन सह्याद्रीच्या उतारावरून किंवा विदर्भातल्या एखाद्या नाल्याच्या काठाने नेली तर काय होईल? माळीण आणि इर्शाळवाडी आपण विसरलेलो नाही. आपल्या गावांची रचनाही आठवा. महारवाडा, मांगवाडा कुठे असायचा? गावाच्या कडेला, ओढ्याच्या काठी, गावाचे सांडपाणी जिकडे वाहते त्या अंगाला. शहरात आलो तेव्हा आपल्या झोपडपट्ट्या पुन्हा नाल्याच्या काठीच उभ्या राहिल्या. जड वायूला जात कळत नाही, त्याला उतार कळतो. पण उताराच्या तोंडाशी कोणी राहायचे, हे या देशात जातीने ठरवले आहे. म्हणून सुरक्षिततेच्या नकाशावर समान अंतराचे वर्तुळ काढून चालणार नाही. उतार, ओढे आणि वस्त्या धरून नकाशा काढावा लागेल.

दुसरा धोका भूकंपाचा. खोल खडकात दाबाने द्रव किंवा वायू सोडला की तिथल्या जुन्या भेगांवरचा ताण बदलतो आणि काही वेळा त्या सरकतात. दक्षिण कोरियात पोहांग येथे जमिनीतली उष्णता वापरून वीज तयार करण्यासाठी खोल बोअरमध्ये दाबाने पाणी सोडत होते. एप्रिल २०१७ मध्ये तीनहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. ही सूचना पुरेशी होती, तरी पुढे काम चालूच राहिले. १५ नोव्हेंबर २०१७ रोजी ५.४ तीव्रतेचा भूकंप झाला, शंभरहून जास्त माणसे जखमी झाली, हजारो इमारतींचे नुकसान झाले. २०१९ मध्ये सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने सांगितले की हा भूकंप त्या प्रकल्पामुळेच उद्भवला. त्याआधी २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराखाली असाच प्रयोग धक्के बसल्यामुळे थांबवावा लागला होता. भारत सरकारनेही २०२५ मध्ये भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण आणले आहे, त्यामुळे हा प्रश्न केवळ कार्बनपुरता उरलेला नाही.

महाराष्ट्राला हे कोणी परदेशातून येऊन शिकवण्याची गरज नाही. कोयना जलाशयात १९६१-६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे दोनशे माणसे गेली. त्याआधी हा भूभाग स्थिर मानला जात होता. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपाचे उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचे नाव घेतले जाते. तिथे खडकाचा अभ्यास करण्यासाठी तीन किलोमीटर खोल बोअर घेतले गेले, कराडला संशोधन केंद्र उभे राहिले. विज्ञान एवढे पुढे गेले, पण कोयनेच्या प्रकल्पग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजूनही पुनर्वसनासाठी आंदोलन करत आहेत. खडक मोजायला या देशाला वेळ मिळतो, माणसे मोजायला मिळत नाही.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो आपल्याला सगळ्यांत जवळचा आहे. चवदार तळ्याच्या वारसांना पाण्याचे राजकारण समजावून सांगावे लागत नाही. आइसलँडमध्ये २०१२ साली वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला गेला आणि दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू दगड होऊन बसला, असे शास्त्रज्ञांनी दाखवले. हा प्रयोग खरोखर मोलाचा आहे. दख्खनच्या बेसॉल्टबद्दल जो उत्साह आहे तो त्यातूनच आला. पण त्या पद्धतीत एक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. आता साधा हिशेब करा. ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीज केंद्र वर्षाला साधारण २५ लाख टन वायू सोडते असे धरले, तर तो सगळा या पद्धतीने पुरायला सव्वासहा कोटी घनमीटर पाणी लागेल. म्हणजे दोन टीएमसीहून जास्त, आणि तेही दरवर्षी. कोणी म्हणेल पाणी पुन्हा वापरता येते, समुद्राचे पाणी चालते, पाण्याशिवायही वायू सोडण्याचे प्रयोग झाले आहेत. तसे असेल तर प्रत्येक प्रकल्पाने आपला पाण्याचा हिशेब आधी मांडावा. मराठवाड्यात घडाभर पाण्यासाठी वस्तीवरची बाई मैलभर चालते तेव्हा हा हिशेब मागणे म्हणजे विकासाला विरोध नव्हे.

दख्खनचा पाषाण सगळीकडे सारखा जाडही नाही. वायू घट्ट राहावा म्हणून तो साधारण ८०० मीटरपेक्षा खोल न्यावा लागतो. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे बोअर घेतले तेव्हा बेसॉल्टची जाडी साडेतीनशे मीटरही भरली नाही, त्याखाली वेगळा खडक लागला. कोयनेला ती सुमारे ९३० मीटर निघाली. देशातल्या बेसॉल्टची क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन सांगितली जाते. अंदाजातच तिपटीचा फरक आहे. कागदावरच्या अशा आकड्याच्या भरवशावर कोळशाची नवी केंद्रे मंजूर होऊ लागली, तर चंद्रपूर-कोराडीच्या लोकांनी काय समजायचे? वायू पकडायलाही ऊर्जा लागते, म्हणजे तेवढीच वीज विकायला जास्त कोळसा जाळावा लागतो. जास्त कोळसा म्हणजे जास्त खाण, जास्त राख, जास्त ट्रक. हे सगळे कोणाच्या दारावरून जाते ते चंद्रपूरकरांना विचारा.

चौथा आणि सर्वांत मोठा प्रश्न जबाबदारीचा आहे. कंपनीचा करार पंचवीस-तीस वर्षांचा असतो. पुरलेला वायू मात्र हजारो वर्षे तिथेच राहायला हवा. मधल्या काळात कंपनी विकली जाईल, दिवाळे काढेल, नाव बदलेल. मग बोअरचा सिमेंटचा बूच कोण तपासणार? विहिरीचे पाणी बिघडले तर कोणाच्या दारात जायचे? भोपाळ आपल्यासमोर आहे. १९८४ मध्ये वायू फुटला तो कारखान्याला लागून असलेल्या गरीब वस्त्यांत शिरला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली, आणि कारखान्याच्या आवारातला विषारी कचरा त्यानंतरही कित्येक वर्षे तिथेच पडून राहिला. नफा कंपनीचा आणि अवशेष वस्तीचा, ही वाटणी आपण ओळखतो.

जिथे कायदे आहेत तिथेही डोळ्यांत तेल घालून बसावे लागते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या डेकेटर येथे एडीएम कंपनीच्या साठवण प्रकल्पात देखरेखीसाठी घेतलेली बोअरच गंजली आणि वायू ठरलेल्या थराबाहेर गेला. कंपनीला हे मार्च २०२४ मध्ये कळले होते, लोकांपर्यंत बातमी पोहोचली ती सप्टेंबरमध्ये. लोकांनी आवाज उठवला आणि २०२५ मध्ये त्या राज्याने महोमेट या मोठ्या भूजलसाठ्याच्या परिसरात अशा साठवणुकीला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियात अलिसो कॅन्यन येथे जमिनीखाली नैसर्गिक वायू साठवतात. तिथली १९५३ ची एक जुनी विहीर ऑक्टोबर २०१५ मध्ये फुटली आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत सुमारे एक लाख टन मिथेन हवेत गेला. त्या विहिरीची खोलवरची सुरक्षा झडप १९७९ मध्ये काढली होती, ती परत बसवलीच नव्हती. शेजारची वसाहत श्रीमंतांची होती, म्हणून हजारो कुटुंबांची दुसरीकडे राहण्याची सोय कंपनीच्या खर्चाने झाली. आपल्या भीमनगराशेजारी असे घडले तर सोय कुठे होईल? जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात. आणि अमेरिकेतही अशा भूमिगत साठ्यांसाठी देशव्यापी किमान नियम झाले ते या दुर्घटनेनंतर, २०१६ मध्ये. आधी अपघात आणि मग कायदा, हा क्रम आपल्याला परवडणारा नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्याकडे जमिनीखालच्या गोष्टींवरचा हक्क जमिनीच्या मालकीला बांधलेला आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून विहिरीचे पाणी जमीनमालकाचे, हीच समजूत चालत आली आहे. भूसंपादनाची नोटीस सातबारावाल्याला येते, मोबदलाही प्रामुख्याने त्यालाच मिळतो. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती लोकसंख्येच्या १६.६ टक्के होत्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत त्यांच्याकडे वहितीच्या क्षेत्रापैकी सुमारे नऊ टक्केच होते. गायरानावर दोन पिढ्या कसणारे, गावठाणाबाहेर घर बांधून राहणारे, ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारे, भाड्याच्या खोलीतले कामगार, पारधी पालावरची कुटुंबे, या कोणाच्याही नावावर जमीन नाही. म्हणजे बोअर त्यांच्या पायाखाली जाणार, पण कागदावर ते बाधितच नसणार. २००६ ची पर्यावरण आघात अधिसूचना कार्बन साठवणुकीचा विचार करून लिहिलेली नाही, आणि या साठवणुकीसाठी स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. ही पोकळी आत्ताच भरली नाही तर ती अधिकाऱ्यांच्या सोयीने भरली जाईल.

बाबासाहेबांचा या विषयाशी संबंध काय, असे वाटणाऱ्यांनी त्यांच्या मजूरमंत्रिपदाचा काळ वाचावा. १९४२ ते १९४६ या काळात खाणी आणि खाण कामगार हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा क्षेत्रात गेले आणि खाणीत उतरून कामगारांची स्थिती त्यांनी स्वतः पाहिली. १९४४ च्या जानेवारीत कोळशावर उपकर बसवून खाण कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्याच वर्षी कोळसा खाणीतल्या पोकळ्या वाळूने भरण्यासंबंधीच्या सुरक्षा कायद्याचे दुरुस्ती विधेयक त्यांनी कायदेमंडळात मांडले. तो मूळ कायदा १९३९ चा. कोळसा काढून झालेली पोकळी भरली नाही तर जमीन खचते, आग पसरते, म्हणून भरण्याचा खर्च कोळशावरच्या करातून काढायचा, हे त्याचे तत्त्व होते. जो जमिनीच्या पोटातून कमावतो त्याने जमिनीच्या पोटाची काळजी घेण्याचे पैसे आधी बाजूला ठेवायचे. त्याच धनबादजवळच्या झरियात १९१६ पासून कोळशाला लागलेली आग आजही धुमसते आहे आणि तिच्यावर गरीब कुटुंबे राहत आहेत. तत्त्व कायद्यात असूनही अंमल नसला की काय होते, त्याचा पुरावा म्हणून झरिया पुरेसे आहे.

याच तत्त्वावर आमच्या मागण्या अशा आहेत.

एक. साठवणुकीचा स्वतंत्र कायदा आधी, परवाना नंतर. देखरेख करणारी संस्था स्वतंत्र असावी. कोळसा, वीज किंवा पेट्रोलियमचा प्रसार करणाऱ्या मंत्रालयाकडे ती नसावी.

दोन. बाधित कोण, हे राहण्यावरून ठरावे. मतदार यादी, रेशन कार्ड, शाळेचा दाखला यांपैकी काहीही पुरावा चालावा. जनसुनावणी वस्तीत, लोकांच्या भाषेत व्हावी, गोंड-कोलाम पाड्यांवर त्यांच्याच भाषेत. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेच्या संमतीशिवाय बोअर नको.

तीन. वायू सोडण्याआधी किमान दोन वर्षे परिसरातल्या विहिरी, हातपंप आणि भूकंपाच्या नोंदी घ्याव्यात. आधीचे पाणी कसे होते याची नोंदच नसेल तर नंतर बिघाड सिद्ध करता येत नाही, आणि न्यायालयात हरतो तो गरीबच.

चार. किती तीव्रतेच्या धक्क्याला काम थांबेल, हे परवान्यातच लिहावे. थांबवण्याचा अधिकार कंपनीच्या इंजिनिअरकडे नको, नियामकाकडे हवा. पोहांगची चूक आपण परत करायची नाही.

पाच. देखरेखीचा आणि नुकसानभरपाईचा निधी कंपनीने सुरुवातीलाच जमा करावा. युरोपात साठा बंद झाल्यावर साधारण वीस वर्षे जबाबदारी कंपनीवर राहते, अमेरिकेत बंद झाल्यानंतरच्या देखरेखीचा मूळ नियम पन्नास वर्षांचा आहे. आपल्याकडे यापेक्षा कमी का असावे?

सहा. पाइपलाइन वस्तीच्या वरच्या उतारावरून नेऊ नये. या वायूला वास नसतो, म्हणून त्यात वास मिसळणे सक्तीचे करावे. भोंगा, प्राणवायूचे सिलिंडर आणि प्रशिक्षित कर्मचारी प्राथमिक आरोग्य केंद्रात असल्याशिवाय वायू सुरू करू नये.

सात. दाब, गळती, धक्के, पाण्याची तपासणी हे सगळे आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावेत. डेकेटरच्या लोकांसारखे आपल्याला सहा महिन्यांनी वर्तमानपत्रातून कळायला नको.

काही जण म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर गुंतवणूक येणार नाही. आम्ही उलटे विचारतो. जो उद्योग वस्तीला माहिती देऊन, पैसे आधी ठेवून, धक्का बसताच थांबून चालूच शकत नाही, तो सुरक्षित आहे असे कशाच्या आधारावर सांगता? प्रकल्प स्वस्त ठेवण्यासाठी आजवर आपल्या माणसांचा जीव स्वस्त ठेवला गेला. गटारात उतरणाऱ्यांपासून खाणीत उतरणाऱ्यांपर्यंत हेच चालत आले आहे.

शेवटी आपल्या तरुणांना. आपल्यातले किती जण भूगर्भशास्त्र शिकतात? किती जण भूजल सर्वेक्षणात, प्रदूषण नियंत्रण मंडळात, पर्यावरण कायद्याच्या वकिलीत आहेत? "शिका" म्हणजे केवळ स्पर्धा परीक्षा नव्हे. ज्या कागदावर आपल्या वस्तीचे भवितव्य ठरते तो कागद वाचता येणे, हेही शिकणेच आहे. प्रत्येक तालुक्यात दोन-चार कार्यकर्त्यांनी पर्यावरण आघात अहवाल वाचायला शिकावे, माहिती अधिकारात अर्ज टाकावेत, आपल्या वस्तीतल्या विहिरी आणि हातपंपांचे पाणी आत्ताच तपासून त्याचा अहवाल विहारात जपून ठेवावा. पुढे कधी प्रकल्प आला तर तोच कागद आपला पहिला साक्षीदार ठरेल.

जमिनीवर आपल्याला वाटा मिळाला नाही म्हणून जमिनीखालच्या धोक्यात मात्र पूर्ण वाटा, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही. कायदा लिहिला जात आहे तोवरच बोलायला हवे. एकदा बोअरला बूच बसला की आपल्या हातात उरतील ती फक्त निवेदने.

जयभीम! जय संविधान!